पाला नेसलेल्या माणसाला देव करू नका

मे २०२३ मध्ये इंग्लंडच्या राजाचा राज्याभिषेक झाला, त्याच्या निमंत्रणपत्रिकेवर खाली मधोमध एक चेहरा होता, ओक, आयव्ही आणि हॉथॉर्नच्या पानांचा बनलेला. अँड्र्यू जेमिसन यांनी हाताने रंगवलेली पत्रिका, दिसायला फारच देखणी. राजवाड्याकडून सांगण्यात आलं की हा ग्रीन मॅन, ब्रिटिश लोककथांमधली प्राचीन आकृती, वसंताचं आणि पुनर्जन्माचं प्रतीक. त्यावर तिकडच्या लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी लगेच सांगितलं की चित्र छान आहे पण हा प्राचीन वगैरे काही नाही, आज आपण ज्याला ग्रीन मॅन म्हणतो तो जेमतेम शंभर वर्षांचाही नाही. बातमी दोन दिवस चालली आणि विरून गेली. मला मात्र वाटतं की हा वाद आपल्याकडे नीट वाचला जायला हवा, कारण परंपरेला मान द्यायचा म्हणजे तिला हजारो वर्षांचं वय चिकटवायचं ही सवय आपल्यालाही आहे, आणि त्या सवयीत सगळ्यात आधी कोण पुसलं जातं तर ज्यांनी ती परंपरा अंगावर घेऊन दारोदार नेली ती माणसं.

आधी हा ग्रीन मॅन आला कुठून ते बघू. युरोपातल्या जुन्या चर्चेसमध्ये, खांबांच्या माथ्यावर, छताच्या सांध्यावर, बाकांच्या खाली असे चेहरे कोरलेले असतात ज्यांच्या तोंडातून, नाकातून, कधी डोळ्यांतूनही वेली आणि पानं बाहेर येतात. स्कॉटलंडमधल्या रॉसलिन चॅपलमध्ये तर ते शंभराहून जास्त आहेत. कित्येक शतकं त्यांना कोणी काही खास नाव दिलं नव्हतं, पानांचा चेहरा एवढंच. मग वेल्सच्या मॉनमथशायरमध्ये लँगम नावाच्या छोट्या गावातल्या चर्चमध्ये लेडी रॅग्लन यांना तिथल्या पाद्रीबाबांनी असाच एक चेहरा दाखवला आणि १९३९ मध्ये त्यांनी लंडनच्या 'फोकलोर' या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं की हा चेहरा म्हणजे नुसतं नक्षीकाम असूच शकत नाही, हा खरा कोणीतरी माणूस आहे, आणि मे महिन्याच्या सणात पानांत गुंडाळून नाचणारा जॅक-इन-द-ग्रीन, रॉबिन हूड, मे महिन्याचा राजा आणि 'ग्रीन मॅन' नावाच्या दारूच्या गुत्त्यांच्या पाट्या हे सगळे एकाच जुन्या देवाचे अवतार आहेत.

एवढंच. एका लेखात चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी एका दोऱ्यात ओवल्या गेल्या. पुढे इमारतींचा इतिहास लिहिणाऱ्या निकोलस पेव्हस्नर यांनी ते नाव उचललं, त्यांच्या पुस्तकांमधून ते इंग्लंडभर गेलं आणि बघता बघता टी-शर्टपासून बागेतल्या पुतळ्यांपर्यंत सगळीकडे हा देव बसला.

१९७८ मध्ये कॅथलीन बॅसफर्ड या वनस्पतीशास्त्रज्ञ बाईंनी या कोरीव चेहऱ्यांचा मोठा अभ्यास छापला, आणि त्यांना दिसलं की हे चेहरे बहुतेक वेळा आनंदी नाहीतच, कोणी ओरडतोय, कोणाच्या गालातून फांदी घुसलीय, कोणी मेलेला वाटतो. चर्चमध्ये चर्चच्याच कारागिरांनी, चर्चच्याच पैशाने कोरलेले हे चेहरे, त्यांच्यामागे मरणाची आणि पापाची ख्रिस्ती कल्पना असण्याची शक्यताच जास्त. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, रॉय जज यांनी जॅक-इन-द-ग्रीनचा माग काढला तर तो १८ व्या शतकाच्या शेवटाच्या मागे जाईचना. आणि ग्रीन मॅन म्हणून ज्यांची लेखी नोंद खरंच जुनी आहे ते लोक म्हणजे मिरवणुकीत पानं लावून, फटाके उडवत पुढची गर्दी बाजूला सारणारे. १६१० मध्ये चेस्टर शहरात सेंट जॉर्जच्या दिवशी निघालेल्या मिरवणुकीत अशी दोन माणसं होती, काळे केस, काळ्या दाढ्या आणि अंगावर पाला. काम मिळालं म्हणून पाला लावलेली माणसं, देवबिव काही नाही.

आता जॅक-इन-द-ग्रीनकडे येतो कारण माझा सगळा मुद्दा तिथेच आहे. लाकडाचा किंवा वेताचा माणसाहून उंच सांगाडा, त्याला वरपासून खालपर्यंत पाला बांधलेला, आत एक माणूस, आणि तो १ मे रोजी लंडनच्या रस्त्यांवरून गिरक्या घेत चाललाय. त्याच्याभोवती कोण होते? धुराडी साफ करणारे. हातात त्यांचेच ब्रश आणि फावडी, तीच एकमेकांवर आपटून ताल धरायचा, अंगावर चकचकीत कागदाचे तुकडे, आणि लोकांकडून पैसे मागायचे. का मागायचे हे समजायला त्यांचा धंदा समजून घ्यावा लागतो. हिवाळ्यात घराघरात कोळसा जळतो तेव्हा काजळी साठते आणि काम असतं, ऊन आलं की शेगड्या विझतात आणि पोटही विझतं. मे महिन्याची सुरुवात म्हणजे त्यांच्या वर्षातल्या कडकीची सुरुवात.

आणि त्या धंद्यात मुलं होती. धुराड्याची नळी अरुंद, त्यात मोठा माणूस जात नाही म्हणून पाच-सहा वर्षांची पोरं, बरीचशी अनाथ किंवा गरिबांची, उस्तादाच्या ताब्यात दिलेली, गुडघे आणि कोपरं सोलून घेत आत चढायची. १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने लिहून ठेवलं की या कामगारांना वृषणाच्या कातडीचा कॅन्सर होतो आणि तो काजळीमुळे होतो, एखाद्या धंद्यामुळे कॅन्सर होतो हे सांगणारी ही अगदी पहिल्यातली नोंद. १७८८ मध्ये कायदा झाला की आठ वर्षांखालचं मूल ठेवायचं नाही. कोणी पाळला नाही. १८३४ मध्ये, १८४० मध्ये, १८६४ मध्ये पुन्हा कायदे, तरी तेच. १८७५ मध्ये केंब्रिजजवळ फुलबर्नच्या इस्पितळाच्या धुराड्यात जॉर्ज ब्रूस्टर नावाचा मुलगा अडकला, भिंत फोडून त्याला बाहेर काढलं पण तो वाचला नाही, त्याच्या मालकाला सदोष मनुष्यवधासाठी सहा महिने सक्तमजुरी झाली आणि मग लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी रेटून नेलेला त्याच वर्षीचा कायदा शेवटी लागू झाला. पुढे हळूहळू रस्त्यावरचा तो पाल्याचा सांगाडाही दिसेनासा झाला.

लेडी रॅग्लन यांच्या लेखानंतर या सगळ्या पोरांचं काय झालं? ती गायब झाली. उरला एक हिरवा देव, अनादी, अनंत, वसंताचा. वर्षातून एक दिवस ज्यांना रस्त्यावर नाचून चार पैसे मागता यायचे त्यांच्या त्या एका दिवसाची मालकीही आपण देवाच्या नावावर करून टाकली. मला याचा खरंच राग येतो. इतिहासात गरीब माणूस फार क्वचित दिसतो, आणि दिसतो तेव्हाही त्याच्यामागे कुठला तरी देव उभा आहे असं सांगून त्याला बाजूला सारलं जातं.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर आता आपल्याकडचं बघू. पाऊस ओढ देतो, पेरण्या खोळंबतात, तेव्हा मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात आणि इतरही भागांत पोरं धोंडी मागायला निघतात, निदान परवापरवापर्यंत निघायची. एका पोराला उघडं करून कंबरेपासून डोक्यापर्यंत कडुलिंबाच्या डहाळ्या बांधायच्या, मुसळाला किंवा काठीला बेडूक बांधायचा, दोघांनी ती काठी खांद्यावर घ्यायची आणि "धोंडी धोंडी पाणी दे" असं ओरडत दारोदार जायचं. बाया तांब्याने, कळशीने त्या पोराच्या अंगावर पाणी ओततात, सुपातून ज्वारी, पीठ, डाळ घालतात. गोळा झालेलं शिजवायचं, मारुतीला दाखवायचं आणि सगळ्यांनी खायचं. गावागणिक तपशील बदलतात पण गाभा हाच.

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझर यांनी १८९० पासून 'द गोल्डन बाऊ' हा जो प्रचंड ग्रंथ लिहिला, ज्यात जगभरच्या चालीरीती गोळा करून झाडांचे आत्मे आणि मरून पुन्हा उगवणारे देव यांची मांडणी केली, त्यात ही आपली चाल आहे. मध्य प्रांतातले लोक काठीला कडुलिंबाचा पाला आणि बेडूक बांधून दारोदार गाणं म्हणत जातात अशी ती नोंद. मध्य प्रांत म्हणजे तेव्हाचा नागपूर राजधानी असलेला इलाखा. आणि फ्रेझर यांच्या त्या वाक्यात स्पष्ट लिहिलंय की हे करतात ते खालच्या जातीचे लोक. एवढं लिहून ते पुढे गेले, पाऊस पाडायच्या जादूच्या पुढच्या उदाहरणाकडे. त्यांना बेडूक महत्त्वाचा वाटला, पाला महत्त्वाचा वाटला, पण पाला बांधणारा माणूस कोणत्या जातीचा आणि त्याच्या घरात त्या आठवड्यात काय शिजत होतं हा प्रश्न काही त्यांना पडला नाही. लेडी रॅग्लन या त्याच परंपरेतल्या, त्यांनाही तो पडला नाही.

मला तो पडतो. दुष्काळात पहिल्यांदा कोणाचं काम जातं? ज्याच्याकडे जमीन नाही त्याचं. निंदणी नाही, खुरपणी नाही, रोज नाही. अशा वेळी पोरं पाला बांधून दाणे मागतात तेव्हा ती पावसाला हाक असतेच, मी ते नाकारत नाहीये, पण ती गावातल्या भरल्या कणगीलाही हाक असते. उघडपणे मागायला लाज वाटते, पाला अंगावर चढला की लाज झाकली जाते आणि देणाऱ्यालाही नाही म्हणता येत नाही. आणि पाला फुकट असतो. ज्याच्याकडे मुखवटा नाही, जर नाही, वाजंत्री नाही त्याला रूप बदलायचं असेल तर झाडाशिवाय कोण देणार?

बाहेर बघितलं तर हेच पुन्हा दिसतं. सर्बिया, बल्गेरिया, रोमानिया या भागांत दोडोला किंवा पापारुदा म्हणून अगदी धोंडीसारखीच चाल होती, पाल्यात गुंडाळलेली मुलगी दारोदार गात नाचत जाते, बाया तिच्यावर पाणी ओततात, काहीतरी देतात, आणि पाऊस पडावा अशी विनवणी. पुढच्या काळात ही मुलगी बऱ्याच ठिकाणी रोमा समाजाची असायची, म्हणजे तिथल्या गावगाड्यात सगळ्यात खाली ढकललेल्या लोकांची. इटलीच्या बाझिलिकाता भागात सात्रियानो दि लुकानिया नावाचं गाव आहे, तिथे ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासाआधी आयव्हीच्या वेलींनी पूर्ण झाकलेला माणूस, त्याला रुमीता म्हणतात, दारावर काठी घासतो, एक शब्द बोलत नाही, घरवाले काहीतरी हातावर ठेवतात. गरिबाला तोंड न दाखवता भीक मागता यावी म्हणून हे, असं गावातले लोकच सांगत आलेत.

इथे एक मोह होतो आणि तो मोठा आहे. रोमा लोकांची पाळंमुळं भारतात आहेत हे भाषेवरून आणि जनुकांवरून सिद्ध झालेलं, मग धोंडीच त्यांच्याबरोबर बाल्कनमध्ये गेली असं म्हणून टाकायचं. तसंच आपल्या देवळांच्या उंबऱ्यावर आणि कमानीवर जो कीर्तिमुखाचा चेहरा असतो, ज्याच्या तोंडातून माळा आणि वेली निघतात, अंबरनाथचं देऊळ तर १०६० चं, मग युरोपातला ग्रीन मॅन म्हणजे आपलंच कीर्तिमुख तिकडे पोहोचलेलं असंही म्हणता येईल, म्हणणारे आहेतही. पण रोमन लोकांच्या दगडांवर पानांचे चेहरे त्याच्या कितीतरी आधी आहेत, आणि कीर्तिमुखाची आपली स्वतंत्र गोष्ट आहे, शिवाने निर्माण केलेला तो भुकेला जीव, ज्याने आज्ञेवरून स्वतःचंच अंग खाऊन टाकलं आणि फक्त तोंड उरलं. दोन ठिकाणी पानातून चेहरा निघाला म्हणजे एक दुसऱ्याचा बाप ठरत नाही. पुराव्याशिवाय सगळं इथूनच गेलं म्हणणं ही लेडी रॅग्लन यांचीच पद्धत झाली, फक्त झेंडा वेगळा.

आणि पाल्यामागे सगळीकडे भूकच असते असंही मी म्हणत नाही. गोव्यात २४ जूनला सांजावला लोक फुलापानांचे कोपेल डोक्यावर घालून विहिरीत उड्या मारतात, नव्या जावयाचं कौतुक होतं, गाणी, घुमट, खाणंपिणं, पावसाचा निखळ आनंद असतो तो, आणि तो सेंट जॉनच्या नावाने असतो, त्याला मागून कुठला जुना निसर्गदेव जोडायची गरज गोव्यातल्या कोणाला वाटत नाही. स्कॉटलंडच्या साउथ क्वीन्सफेरी गावात ऑगस्टमध्ये एक माणूस अंगभर गोखरूसारखी चिकटणारी काटेरी फळं लावून दिवसभर गावात फिरतो, का फिरतो हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही, तरी गाव ते मनापासून करतं.

लोक विचारतील की यात बिघडलं काय. आज माणसं शहरात कोंडली गेलीयत, जंगलं जातायत, एखाद्या हिरव्या देवाच्या निमित्ताने कोणाला झाडांबद्दल प्रेम वाटलं तर वाटू दे की. हा प्रश्न मी हलका समजत नाही. इंग्लंडमधल्या हेस्टिंग्ज गावात १९८३ मध्ये जॅक-इन-द-ग्रीन पुन्हा सुरू झाला, आता दर मे महिन्यात हजारो लोक तोंडं हिरवी रंगवून येतात, शेवटी टेकडीवर जॅकला 'मारतात' आणि उन्हाळा मोकळा झाला म्हणतात. तो मारायचा प्रकार नवा आहे, आणि नवा असूनही सुंदर आहे. सात्रियानोवाल्यांनी तर अजून छान केलं, एका रुमीताचे १३१ केले, बाझिलिकातातल्या प्रत्येक गावासाठी एक, आणि ते चालतं जंगल म्हणून मिरवणूक काढतात, गाव सोडून गेलेल्या माणसांबद्दल आणि जमिनीबद्दल बोलतात. हे आम्ही आत्ता केलं आणि का केलं हे ते उघड सांगतात, आणि रुमीता हा मागणारा गरीब होता हेही त्यांनी लपवलेलं नाही. माझी मागणी एवढीच आहे. नवा अर्थ द्या, बिनधास्त द्या, पण जुन्या माणसाच्या अंगावरून पाला ओढून घेऊन नव्हे.

कारण पाला दिसला की पवित्र म्हणायची घाई महागात पडते. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात चंद्रगुत्तीला रेणुकांबेच्या देवळात बाया नवस फेडायला अंगावर वस्त्र न ठेवता किंवा फक्त कडुलिंबाच्या डहाळ्या लावून जायच्या. बहुतेक गरीब, दलित घरांतल्या बाया. १९८६ मध्ये याला विरोध करायला गेलेल्या कार्यकर्त्यांवर आणि पोलिसांवर, महिला पोलिसांवरसुद्धा, जमावाने हल्ला केला, त्यांचेच कपडे ओढले, त्यानंतर सरकारने त्या प्रकारावर बंदी आणली. आपल्याकडेही यल्लम्मा आणि मरीआईच्या नावाने लिंब नेसायचे नवस लोकांना माहीत आहेत. ही आमची हजारो वर्षांची निसर्गपूजा आहे असं म्हणून त्या बायांना वाऱ्यावर सोडणारे तेव्हाही होते. परंपरेचं वय हा युक्तिवाद म्हणून पुढे आला की समोरच्या माणसाला काय वाटतं हे विचारायचं दारच बंद होतं, आणि नेमकी त्याच दाराबाहेर ती बाई उभी असते.

महाराष्ट्रात आता धोंडी दोन ठिकाणी सापडते, एक म्हणजे पाऊस लांबला की पेपरात येणारा फोटो, आणि दुसरं म्हणजे शाळा-कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आणि लोककला महोत्सवात, जिथे निवेदक माइकवरून सांगतो की आपल्या पूर्वजांचं निसर्गाशी किती अतूट नातं होतं. नातं होतं, नक्की होतं. पण ज्यांनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली आणि सुकडी खाऊन दिवस काढले त्यांना विचारलं तर ते त्या नात्याबद्दल वेगळं काहीतरी सांगतील, आणि ती माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. त्या वर्षी ज्यांनी धोंडी काढली असेल त्या पोरांना पाणी ओतायला तरी कोणाच्या घरात होतं का, हे कोणी लिहून ठेवलंय का?

म्हणून सांस्कृतिक खात्याचे, विद्यापीठांच्या लोककला विभागांचे आणि हौसेने रील बनवणाऱ्यांचे कॅमेरे जेव्हा धोंडीकडे वळतील तेव्हा आधी नोंद करा की पाला कोणाच्या पोराला बांधला, कोणी बांधला, कोणत्या गल्लीतून सुरुवात झाली, कोणत्या घराने दारच उघडलं नाही, दाणे किती जमले, ते कुठे शिजले आणि पंगतीत कोण कुठे बसलं. गाण्याच्या ओळी गावागावाच्या वेगळ्या आहेत, त्या तशाच वेगळ्या ठेवा, एका पुस्तकी पाठात घालू नका. बेडकाला बांधायची गरज नाही, तो मातीचाही चालतो. आणि स्टेजवर जे पोर पाला लावून उभं राहील त्याला एवढं तरी सांगा की आधी ज्याने हा पाला लावला होता तो तुझ्याएवढाच होता, आणि त्याला पाऊस आणि भाकरी दोन्ही पाहिजे होतं.